शेवटचा माणूस, आणि मोजायचे राहून गेलेले

शहरात एकटाच उरलेला माणूस. साथ येऊन गेलीय, लोक मेलेत, रस्त्यात गाड्या जिथल्या तिथे उभ्या आहेत आणि हा एकटा पठ्ठ्या खांद्याला बंदूक लावून फिरतोय. या गोष्टीत काहीतरी जबरदस्त ओढ आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. ज्याने सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबून काढलाय, त्याला रिकामा रस्ता म्हणजे स्वर्गच वाटणार. मॅनेजर नाही, डेडलाइन नाही, ईएमआय नाही. सगळी दुकानं उघडी आणि सगळं फुकट. प्रलय म्हणतात तो हाच असेल तर काय वाईट आहे, असा विचार एकदा तरी मनात येऊन जातोच. खोटं नका बोलू :)

'आय ॲम लेजंड' हा विल स्मिथचा सिनेमा याच स्वप्नावर उभा आहे. डिसेंबर 2007 मध्ये आला, दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स, आणि जगभरात 58 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. कुठल्या ना कुठल्या चॅनलवर, जाहिरातींच्या मधे मधे का होईना, तुम्ही तो पाहिला असेलच. माझं मत असं आहे की या सिनेमाचा पहिला अर्धा भाग थोर आहे, आणि शेवट इतका चुकलाय की सिनेमाच्या नावाचाच अर्थ नाहीसा झालाय. तो नेमका कुठे चुकला हे शोधायला गेलं, तर 'शेवटचा माणूस' नावाच्या सगळ्याच गोष्टींबद्दल एक भलतीच मजेशीर गोष्ट हाती लागते. आजचा लेख त्याबद्दल. पुढे शेवटासकट सगळी कथा फोडणार आहे, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गोवराच्या विषाणूत बदल करून कॅन्सरवर औषध काढलं जातं. ते आधी चालतं, मग तोच विषाणू उलटतो आणि 2009 मध्ये साथ पसरते. बहुतेक लोक मरतात. उरलेल्यांतले बरेचसे असे काही होऊन बसतात की त्यांना ऊन सोसत नाही, केस गळतात, आणि रात्री ते शिकारीला बाहेर पडतात. रॉबर्ट नेव्हिल हा लष्करातला विषाणूतज्ज्ञ मॅनहॅटनमध्ये मागे राहिलाय. 2012 साल आहे. त्याच्या सोबतीला सॅम नावाची जर्मन शेफर्ड कुत्री. दिवसा हरणांच्या मागे गाडी पळवायची, बंदरावर जाऊन दुपारी कुणी येतंय का याची वाट पाहायची, अंधार पडायच्या आत खिडक्यांना लोखंडी झडपा लावायच्या. आणि तळघरात औषध शोधायचं.

यातलं काय थोर आहे? तर शांतता. टाइम्स स्क्वेअरमध्ये गुडघाभर गवत आणि आवाज फक्त वाऱ्याचा. विल स्मिथसारखा बडबड्या नट घेऊन त्याला जवळजवळ गप्प बसवायचं, याला हिंमत लागते. सगळ्यात भारी म्हणजे व्हिडिओचं दुकान. तिथे नेव्हिलने कपड्यांच्या दुकानातले पुतळे आणून उभे केलेत, त्यांना नावं दिलीत, त्यांच्याशी गप्पा मारतो आणि अक्षरांच्या क्रमाने एकेक डीव्हीडी घरी नेतो. अख्खं जग फुकट मिळालंय, तरी त्याला शेजारी लागतात, दुकानदार लागतो. आणि सॅम गेल्यावर तोच माणूस एका पुतळ्यासमोर उभा राहून ती आपल्याशी एक शब्द बोलेल म्हणून रडतो. फुकटच्या स्वर्गाची सगळी हवा त्या एका प्रसंगात निघून जाते. इथपर्यंत सिनेमाला माझे पूर्ण मार्क.

आता बग रिपोर्ट.

पहिला बग बारीक आहे, पण इंजिनीअर असल्यामुळे गप्प बसवत नाही. शहर असं आपोआप उभं राहत नाही हो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जमिनीतून पाणी झिरपत असतं आणि पाऊस नसला तरी ते रोज उपसावं लागतं, साधारण 1.3 कोटी गॅलन. लिटरमध्ये काढलं तर पाच कोटींच्या आसपास. पुण्याच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे रोज पाच हजार टँकर! पंप बंद पडले की बोगदे भरायला दिवसच पुरतात, महिने नाही. वीज तर त्याही आधी जाणार, कारण ग्रिडवर तयार होणारी आणि वापरली जाणारी वीज क्षणाक्षणाला जुळवावी लागते, आणि ती जुळवायला कुठेतरी कंट्रोल रूममध्ये माणसं बसलेली असतात. पेट्रोल वर्षभरात शिळं होतं, तेव्हा तीन वर्षांनी ती मस्टँग तशी पळणं अवघडच. एका बाबतीत मात्र नेव्हिल नशीबवान आहे. न्यूयॉर्कचं पाणी डोंगरातल्या धरणांतून बहुतांशी नुसत्या उतारावर येतं, पंपाशिवाय. त्यामुळे नळाला काही काळ तरी पाणी राहील.

सिनेमा आहे, सोडून देऊ. नेव्हिलने जनरेटर लावलाय वगैरे. पण एक नोंद करून ठेवा: 'रिकामं शहर' म्हणून जे आपल्याला दाखवलं जातं, ते खरं तर हजारो लोकांनी चालवून ठेवलेलं शहर असतं आणि ते हजारो लोक तेवढे फ्रेममधून काढलेले असतात. गंमत म्हणजे शूटिंगही तसंच झालं. ब्रुकलिन ब्रिजवरून लोक पळून जातात त्या एका प्रसंगावर सुमारे 50 लाख डॉलर खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. एक माणूस एकटा दाखवायला किती जणांना राबावं लागतं बघा.

दुसरा बग आकड्यांचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. नेव्हिल स्वतःच एका प्रसंगात हिशेब सांगतो. जगात 600 कोटी माणसं होती. त्यातली 90 टक्के, म्हणजे 540 कोटी, मेली. 1 कोटी 20 लाख लोकांना रोगाची बाधाच झाली नाही. आणि उरलेले 58 कोटी 80 लाख 'ते' झाले, आणि त्यांनी निरोगी लोकांना मारलं. बेरीज बरोबर आहे, मी करून पाहिली. पण या बेरजेकडे नीट बघा. साथ संपल्यावर जगात साठ कोटी जिवंत शरीरं आहेत. तेव्हाच्या अमेरिकेच्या जवळजवळ दुप्पट! न्यूयॉर्कची वस्ती 80 लाख धरून सरळ त्रैराशिक मांडलं, तर एकट्या त्या शहरात पावणेआठ लाखांच्या वर 'ते' निघतात. कितीतरी पळाले असतील, मेले असतील, मान्य. तरीही ज्या शहरात लाखांनी कुणीतरी राहतंय, त्या शहरात हा माणूस 'एकटा' कसा?

तर त्याने बाकीच्यांना माणसांच्या कॉलममध्ये धरलेलंच नाही म्हणून. एकटेपणा हा इथे मोजण्याच्या पद्धतीतून आलाय. काउंट करायच्या आधी फिल्टर लावला, की उत्तर एक येणारच.

आणि तिसरा बग, जो खरं तर बग नाहीच. लेखकाने मुद्दाम ठेवलेली खूण आहे ती. नेव्हिल औषध तपासायला त्यांच्यातल्या एका बाईला सापळ्यात पकडतो. त्यांच्यातला एक पुरुष तिच्या मागोमाग येतो आणि क्षणभर उन्हात बाहेर पडतो. ऊन म्हणजे त्यांना मरणच. नेव्हिल घरी येऊन कॅमेऱ्यासमोर नोंद करतो की यांच्यात माणसासारखं वागणं आता उरलेलं नाही, भुकेपायी स्वतःचा जीव वाचवायची बुद्धीसुद्धा गेली. अरे बाबा, तो तिच्यासाठी आला होता! डेटा समोर आहे, शास्त्रज्ञ हुशार आहे, आणि निष्कर्ष बरोबर उलटा. कारण निष्कर्ष आधीच ठरलेला होता.

आता मूळ कादंबरीकडे येतो, कारण तिथेच खरी मेख आहे. रिचर्ड मॅथेसनने ती 1954 मध्ये लिहिली. त्यातला नेव्हिल न्यूयॉर्कचा नाही, लॉस एंजेलिसचा आहे. डॉक्टर नाही, लष्करी अधिकारी नाही, कारखान्यात काम करणारा साधा माणूस आहे. रात्री घराबाहेर रक्त पिणाऱ्यांचा घोळका जमतो, त्यात त्याचा जुना शेजारीही असतो आणि तो रोज नाव घेऊन बाहेर बोलावतो. दिवसा ते झोपलेले असतात तेव्हा नेव्हिल घरोघर जाऊन त्यांना मारतो. रोजचं काम असल्यासारखं. पण त्याला माहीत नसतं की त्यांच्यातल्या काहींनी रोगावर गोळी शोधली आहे, ते विचार करतात, संसार करतात, नवा समाज उभारतायत. आणि त्यांच्या दृष्टीने दिवसाढवळ्या घरात घुसून झोपलेल्या लोकांना मारून जाणारा जो राक्षस आहे, ज्याचं नाव घेऊन मुलांना घाबरवावं असा, तो म्हणजे नेव्हिल. शेवटी तो कोठडीच्या खिडकीतून खाली जमलेल्या लोकांच्या डोळ्यांतली भीती बघतो तेव्हा त्याला हे उमगतं. आधी माणसांच्या दंतकथेत रक्तपिपासू होते, आता त्यांच्या दंतकथेत हा आहे. 'लेजंड' या शब्दाचा अर्थ हा! थोर पुरुष नव्हे, तर हाकामारी.

हे पुस्तक हॉलिवूडने तीनदा घेतलं, आणि तिन्ही वेळा नायकाला काय झालं ते बघा. पुस्तकात कामगार. 1964 च्या 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'मध्ये व्हिन्सेंट प्राइस शास्त्रज्ञ झाला. 1971 च्या 'द ओमेगा मॅन'मध्ये चार्ल्टन हेस्टन लष्करी शास्त्रज्ञ, थेट कर्नल. 2007 मध्ये विल स्मिथ लेफ्टनंट कर्नल आणि शिवाय अख्ख्या मानवजातीचा त्राता. असा अप्रेझल आमच्याकडे कुणाला मिळत नाही! 1964 चा सिनेमा त्यातल्या त्यात पुस्तकाला धरून आहे, पण तोही मॅथेसनला इतका पसंत पडला नाही की पटकथेवर त्याने स्वतःचं नाव न घालता टोपणनाव घातलं.

2007 च्या सिनेमाचा थिएटरमधला शेवट असा: नेव्हिलला औषध सापडतं, तो ते ॲना नावाच्या बाईच्या हाती देतो, तिला आणि लहान ईथनला लपवतो, आणि हातबॉम्ब फोडून स्वतःसकट सगळ्यांना उडवतो. ॲना व्हरमाँटच्या वस्तीत औषध पोचवते आणि सांगते की हा माणूस दंतकथा झाला. झालं. टाळ्या.

पण याच सिनेमाचा दुसरा शेवटही चित्रित झालेला आहे आणि डीव्हीडीवर आला. त्यात तो पुरुष काचेवर हाताने फुलपाखराचा आकार काढतो. नेव्हिलला कळायला वेळ लागतो. मग लक्षात येतं की पकडलेल्या बाईच्या अंगावर फुलपाखरू गोंदलेलं आहे. तो तिला न्यायला आलाय, दुसरं काही नाही. नेव्हिल बंदूक खाली ठेवतो, दार उघडतो, तिला शुद्धीवर आणून त्याच्या हवाली करतो आणि माफी मागतो. मग त्याची नजर भिंतीकडे जाते. तिथे त्याने प्रयोगात मेलेल्यांचे फोटो ओळीने चिकटवलेले आहेत. इतका वेळ आपणही ते फोटो प्रयोगाची नोंद म्हणून बघत होतो.

आता तुम्ही म्हणाल, ते लोक त्याला फाडून खायला येतातच ना? त्याची बायको-मुलगी गेली, कुत्री गेली, त्याने काय गुलाबाचं फूल द्यायला हवं होतं? बरोबर आहे. त्याची भीती खरीच आहे आणि पुस्तकातही खरीच आहे. स्वतःला वाचवण्याबद्दल त्याला कुणी दोष देत नाही. मुद्दा एवढाच की भीती खरी असली म्हणून मोजणी बरोबर ठरत नाही. आणि थिएटरमधला शेवट त्या मोजणीवर शिक्का मारून मोकळा होतो.

ही गोष्ट मॅथेसनपेक्षाही जुनी आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणाऱ्या मेरी शेलीने 1826 मध्ये 'द लास्ट मॅन' नावाची कादंबरी लिहिली. एकविसाव्या शतकात प्लेग येतो, सगळं जग मरतं, आणि लायोनेल व्हर्नी नावाचा एकच जण रोममध्ये उरतो. त्यालाही सोबत मिळते ती धनगरी कुत्र्याची. दोनशे वर्षं झाली, पण माणूस, कुत्रं आणि रिकामं शहर हा फॉर्म्युला काही बदललेला नाही. शेलीला मात्र मनापासून दुःख होतं. ती तिशीच्या आत होती, नवरा बुडून मेला होता, तीन मुलं गेली होती. तिच्या शेवटच्या माणसाकडे बघून कुणाला मजा वाटत नाही. मजा आपण नंतर आणली.

हे सगळं पडद्यापुरतं असतं तर इतकं लिहिलं नसतं. पण 25 मार्च 2020 पासून देश बंद झाला तेव्हा हीच चौकट आपण सगळ्यांनी जगून बघितली. नोकरी लागून मला वर्षही झालं नव्हतं. बाणेरच्या फ्लॅटमधले दोघं आधीच गावी निघून गेले होते. त्या दिवसांत रिकाम्या शहरांचे ड्रोन व्हिडिओ फिरत होते, मरीन ड्राइव्ह, टाइम्स स्क्वेअर, आणि खाली हमखास लिहिलेलं असायचं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझ्या बाल्कनीतून मात्र रोज दिसायचं ते असं: सकाळी सहाला दुधाचा टेम्पो. सातला कचरा न्यायला दोन ताई, तोंडाला ओढणी बांधून. आठवड्यातून तीनदा टँकर. एकदा वादळी पावसात लाइट गेली तर महावितरणचा माणूस अंगावर रेनकोट चढवून खांबावर. आमचा वॉचमन घरी जाता येईना म्हणून कितीतरी दिवस मीटर रूमच्या बाजूला झोपत होता. शहर रिकामं नव्हतं. 'घरी बसलेत ती माणसं' एवढाच कॉलम मोजला जात होता.

आणि याची एक किंमत होती. 8 मे 2020 ला पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाड इथे 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायला. गाड्या बंद आहेत असं समजून थकून रुळांवरच झोपले. सगळ्यांनी धरून चाललं होतं की रस्ते रिकामे, रूळ रिकामे. मालगाडी धावत होती, मजूर चालत होते. दोघेही त्या 'रिकाम्या' देशातच होते. त्यानंतर 'सुनसान शहर, किती शांत!' असे फोटो मला बघवेनात.

आपल्याकडे प्लेगची आठवण आहे ती निराळीच. 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता, लोक शहर सोडून जात होते. त्या वेळी सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळ माळावर रोग्यांची सेवा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं, त्यांना स्वतःला लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. त्या जगल्या-वाचल्या नाहीत. पण सव्वाशे वर्षांनी त्या प्लेगमधलं कुणाचं नाव आपल्याला माहीत असेल तर त्यांचं आहे, दार लावून सुखरूप राहिलेल्याचं नाही. नेव्हिलच्या हिशेबात न धरलेल्यांना त्यांनी शब्दशः उचलून घेतलं. लेजंड हा शब्द चांगल्या अर्थाने वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा.

असो. एक बरी बातमी सांगून थांबतो. 2023 मध्ये पटकथाकार अकिवा गोल्ड्समनने जाहीर केलं की सिनेमाचा पुढचा भाग काढायचा बेत आहे आणि तो त्या दुसऱ्या शेवटापासून पुढे जाईल, ज्यात नेव्हिल जगतो. म्हणजे सोळा वर्षांनी का होईना, बग मान्य झाला. तो सिनेमा कधी येईल तेव्हा येईल. तोवर या वीकेंडला वेळ असेल तर जुना सिनेमा पुन्हा लावा, दुसरा शेवट असलेला. भिंतीवरच्या फोटोंपाशी पॉज करा, आणि एकदा मोजून बघा.